संकलकाची सत्ता : पीटर वॉटकिन्स यांच्या दूरचित्रवाणी-कृतींचा विचार

१

इंग्रजीत ज्या एका शब्दाने भागते त्यासाठी मराठीने दोन शब्द योजले आहेत. नियतकालिकाचा तो संपादक आणि चित्रपटाचा तो संकलक. त्यांतील दुसऱ्या शब्दाकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. चित्रफितीचे तुकडे करून ते जोडण्याच्या क्रियेला इंग्रजी परिभाषा सरळसरळ 'कापणे' म्हणते. मराठीने मात्र त्याच क्रियेला 'संकलन', म्हणजे एकत्र आणणे, असे नाव दिले. हा भेद केवळ कोशातला नाही. एकाच हाताने एकाच वेळी काय वगळले जाते आणि काय एकत्र आणले जाते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. दूरचित्रवाणीच्या संदर्भात तो सत्तेचा प्रश्न ठरतो. कारण प्रेक्षकाला जे दिसते ते कोणीतरी अगोदरच वगळून ठेवलेल्याच्या शेजारचे असते, आणि वगळणारा बहुधा अनामिक असतो.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर स्वतःच्या कामातून विचारला असा एक दिग्दर्शक, लेखक आणि संकलक म्हणजे पीटर वॉटकिन्स. १९३५ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात जन्मलेले वॉटकिन्स २०२५ च्या ऑक्टोबरअखेर, वयाची नव्वदी पूर्ण केल्यावर, फ्रान्समध्ये निवर्तले. बीबीसीपासून सुरू झालेली त्यांची कारकीर्द पुढे स्वीडन, अमेरिका, नॉर्वे, डेन्मार्क आणि फ्रान्स अशी फिरत राहिली. त्यांच्या कृतींपैकी बऱ्याच दूरचित्रवाणी-संस्थांच्या पैशांतून निर्माण झाल्या आणि बहुतेक वेळा त्या संस्थांशी त्यांचे बिनसले. या बेबनावाची कहाणी अनेकांनी सांगितली आहे. 'सत्तेने छळलेला कलावंत' या ठरीव साच्यात ती चटकन बसते, आणि नेमक्या त्याच कारणाने ती समीक्षेला फारशी उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख वेगळा आहे. लेखन, दिग्दर्शन आणि संकलन ही तिन्ही कामे एका हाती एकवटणे म्हणजे निर्मात्याची सत्ता कमाल मर्यादेला नेणे होय. वॉटकिन्स यांची भूमिका मात्र निर्मात्याची एकतर्फी सत्ता मोडावी अशी होती. या अंतर्विरोधाचे त्यांच्या कलाकृतींत काय होते, हे पाहावयाचे आहे.

रोलाँ बार्त यांनी लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली ती १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि १९६९ मध्ये मिशेल फूको यांनी लेखक हे एक कार्य आहे, व्यक्ती नव्हे, अशी मांडणी केली. साहित्यविचारात या दोन निबंधांनी मोठी उलथापालथ झाली. दूरचित्रवाणीत मात्र लेखक मुळात जन्मालाच आलेला नव्हता. तेथे वाहिनी बोलते, निवेदक बोलतो, बातमी 'स्वतःच' बोलते. लेखक नाहीसा झाल्याने वाचक मुक्त होतो हे बार्त यांचे गृहीतक या माध्यमाच्या बाबतीत उलटे होते. येथे लेखकाच्या अनुपस्थितीमुळेच संहितेला निर्विवाद अधिकार प्राप्त होतो. वॉटकिन्स यांचे महत्त्व आहे ते या ठिकाणी.

२

'कलोडन' ही त्यांची बीबीसीसाठी केलेली पहिली मोठी कृती १५ डिसेंबर १९६४ रोजी प्रसारित झाली. विषय १६ एप्रिल १७४६ ची स्कॉटलंडमधील लढाई : चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डोंगराळ मुलखातील टोळ्या एका बाजूला आणि ड्यूक ऑफ कंबरलंडचे शिस्तबद्ध सैन्य दुसऱ्या बाजूला. आधार जॉन प्रेबल यांच्या इतिहासग्रंथाचा. भूमिका करणारे व्यावसायिक नट नव्हते; इन्व्हरनेस आणि आसपासची सामान्य माणसे होती. कृतीची कल्पना वरवर पाहता सोपी आहे. अठराव्या शतकातील रणांगणावर दूरचित्रवाणीचा बातमीदार कॅमेरा घेऊन पोहोचला आहे, आणि सैनिक त्याच्याकडे पाहून बोलत आहेत.

ही कालविसंगती चमत्कृतीसाठी आलेली नाही. ऐतिहासिक कादंबरी किंवा ऐतिहासिक चित्रपट आपण आज इतिहासाकडे पाहत आहोत ही जाणीव पुसून टाकण्याच्या खटपटीत असतो. 'कलोडन' ती जाणीव क्षणोक्षणी जागी ठेवते. निवेदक टोळीच्या रचनेची माहिती देतो : कोण जमीनदार, कोण कूळ, कोणाला सरदाराच्या आज्ञेने सक्तीने आणले आहे, कोणाकडे हत्यार आहे आणि कोणाकडे नाही. माणूस आणि त्याचे समाजव्यवस्थेतील स्थान एकाच दमात सांगितले जाते. पुढे तोफखान्याच्या दारूगोळ्याचे प्रकार तो एकेक करून सांगतो, आणि प्रत्येक प्रकारानंतर त्याचा मानवी शरीरावरील परिणाम दृश्यातून समोर येतो. वाक्य कोरडे असते आणि चित्र ओले. ही भाषा बातमीपत्राची आहे. मात्र बातमीपत्रात तिचा उपयोग घटना प्रेक्षकापासून सुरक्षित अंतरावर ठेवण्यासाठी होतो. येथे तोच कोरडेपणा घटना अंगावर आणतो.

'कलोडन'चा उत्तरार्ध लढाईनंतरचा आहे. पळणाऱ्यांची कत्तल, खेड्यांची लुटालूट आणि मुलूख 'शांत' करण्याच्या मोहिमा हे सारे त्यात येते. तत्कालीन आणि नंतरच्या समीक्षकांनी त्याचे व्हिएतनामशी नाते जोडले. ते योग्यच आहे; परंतु ते रूपकाचे नाते नाही, रूपबंधाचे आहे. १७४६ ची घटना १९६४ च्या बातमीच्या व्याकरणात बसवता येते हे एकदा दिसले की १९६४ ची बातमीही रचलेली असते, ही शंका प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभी राहते. ब्रेख्तच्या परात्मीकरणाच्या तत्त्वाशी याचे नाते उघड आहे. फरक असा की ब्रेख्तने रंगभूमीवरील भ्रम तोडला. वॉटकिन्स यांनी भ्रम तोडला तो अशा प्रकाराचा, जो स्वतःला भ्रम मानतच नव्हता.

३

'द वॉर गेम' १९६५ मध्ये तयार झाला. ब्रिटनवर अण्वस्त्रांचा हल्ला झाला तर केंट परगण्यातील गावांचे काय होईल, याचे जेमतेम पाऊण तासाचे हे चित्रण आहे. याही वेळी भूमिका स्थानिक रहिवाशांनी केल्या. हँबुर्ग, ड्रेस्डेन, हिरोशिमा आणि नागासाकी येथील प्रत्यक्ष अनुभवांची माहिती त्याला आधार म्हणून वापरली आहे. बीबीसीने त्याच वर्षी तो प्रसारित न करण्याचा निर्णय घेतला. प्रसारणाच्या माध्यमासाठी ही कृती फार भयंकर आहे, असे कारण संस्थेने दिले. निर्णयापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांना ती दाखवण्यात आली होती, हे पुढे उघड झाले आणि संस्थेच्या स्वायत्ततेविषयीचा वाद दीर्घकाळ चालू राहिला. १९६६ मध्ये ती चित्रपटगृहांत दाखवली गेली, १९६७ मध्ये माहितीपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक तिला मिळाले, आणि बीबीसीच्या पडद्यावर ती आली ती थेट १९८५ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. एका घडून न गेलेल्या घटनेच्या चित्रणाला माहितीपटाचे पारितोषिक मिळावे, ही बाब वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे.

या कृतीतील भयानकता सर्वांनी नोंदवली आहे : पेटलेली घरे, श्वास कोंडून मरणारी माणसे, ओळख पटवण्यासाठी मृतांच्या बोटांतून काढून बादलीत जमवलेल्या लग्नाच्या अंगठ्या. पण तिचे खरे बळ व्याकरणात आहे. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे अर्थ सांगताना स्वार्थ आणि संकेतार्थ असा भेद केला आहे. 'पाऊस पडला' हा स्वार्थ. 'पाऊस पडता तर पीक आले असते' हा संकेतार्थ. 'द वॉर गेम'मधील निवेदन मोठ्या प्रमाणात संकेतार्थात चालते : असे झाले तर असे होईल, हे घडण्याची शक्यता आहे. चित्र मात्र संकेतार्थात बोलू शकत नाही. चित्रातील आग पेटलेलीच असते. 'पेटली असती' असे चित्र दाखवता येत नाही. कानाने संकेतार्थ आणि डोळ्याने स्वार्थ असा दुहेरी अनुभव प्रेक्षकाला येतो. या फटीत संहितेचे तिसरे अंग येते, ते म्हणजे रस्त्यावरील खऱ्या माणसांच्या मुलाखती. किरणोत्सर्गी द्रव्याविषयी विचारल्यावर त्यांना काहीही सांगता येत नाही. हे अज्ञान कल्पित नाही. म्हणजे या कृतीतील सर्वांत वास्तव गोष्ट कोणती, तर प्रेक्षकाला काही माहीत नाही ही.

बंदीमागील राजकारण बाजूला ठेवूनही एक गोष्ट सांगता येते. दूरचित्रवाणीवर भयंकर दृश्ये १९६५ मध्येही दिसत होती. त्या दृश्यांना 'तेथे', 'तेव्हा', 'त्यांना' अशी पदे जोडलेली असत. 'द वॉर गेम'ने 'येथे' आणि 'तुम्हाला' ही पदे जोडली. भयानकतेचे प्रमाण वाढले म्हणून संस्था बिचकली, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. प्रसारण-संस्थेचा आवाज हा राज्यसंस्थेच्या आश्वासनाचा आवाज असतो, आणि त्याच आवाजात आश्वासन खोटे असल्याचे सांगितले गेले. यात रूपबंधाचाच अपहार होता आणि तो संस्थेला मानवला नाही.

तथापि याच टप्प्यावर एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. 'कलोडन' आणि 'द वॉर गेम' यांतील निवेदक सर्वज्ञ आहे. तो आकडे सांगतो, कारणे सांगतो, निष्कर्ष सांगतो, आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय संहितेत नाही. हलता कॅमेरा, तुटक दृश्ये, तातडीचा सूर या साधनांनी प्रेक्षकाला विचाराची उसंत न देता तो पुढे ढकलतो. अधिकृत आवाजाला उत्तर म्हणून तितकाच अधिकृत प्रति-आवाज उभा करण्यापलीकडे वॉटकिन्स अजून गेलेले नव्हते. हा आक्षेप बाहेरून लादलेला नाही. पुढील तीस वर्षांचे त्यांचे काम म्हणजे या आक्षेपाला त्यांनी स्वतःच दिलेले उत्तर आहे.

४

बीबीसी सोडल्यानंतर त्यांनी 'प्रिव्हिलेज' (१९६७), स्वीडनमध्ये 'द ग्लॅडिएटर्स' (१९६९) आणि अमेरिकेत 'पनिशमेंट पार्क' (१९७१) हे चित्रपट केले. त्यांपैकी शेवटच्यात राजकीय विरोधकांवर चालणारा खटला आणि वाळवंटातील जीवघेणी शिक्षा यांचे कल्पित चित्रण आहे. सहभागी व्यक्तींनी बरेच संवाद स्वतःच्या खऱ्या मतांनुसार उत्स्फूर्तपणे उच्चारले. लेखकाने वाक्य लिहावे आणि पात्राने ते बोलावे ही वाट येथे प्रथमच निर्णायकपणे सोडलेली दिसते. परंतु या तंत्राला कलात्मक परिपक्वता आली ती १९७४ मधील 'एडवर्ड मुंक'मध्ये.

नॉर्वे आणि स्वीडनच्या दूरचित्रवाणी-संस्थांसाठी केलेली, मूळ रूपात सुमारे साडेतीन तासांची ही कृती चित्रकार मुंकच्या तारुण्यातील एका दशकाभोवती फिरते. लेखन, दिग्दर्शन आणि संकलन वॉटकिन्स यांचे. इंग्रजी निवेदनाचा आवाजही त्यांचाच. कलावंताच्या चरित्रपटांचा एक ठरीव घाट असतो : दुःख, प्रेरणा, निर्मिती, उपेक्षा, मान्यता. 'एडवर्ड मुंक' हा घाट स्वीकारत नाही. लहानपणी क्षयाने रक्त ओकणारा मुलगा, आईचा मृत्यू, बहीण सोफीचा मृत्यू ही दृश्ये आपल्या कालक्रमाच्या जागी येऊन संपत नाहीत. क्रिस्तियानियातील कॅफेत हान्स येगर आणि त्याचे मित्र स्त्रीस्वातंत्र्यावर वाद घालत असताना, मुंक एका विवाहित स्त्रीकडे पाहत असताना, चित्रफलकावर ब्रश ओढला जात असताना ती पुनःपुन्हा, कधी क्षणभरच, मध्ये घुसतात. दृश्याचा ध्वनी दुसऱ्याच दृश्यावर चालू राहतो. खोकला एका काळातला आणि चेहरा दुसऱ्या काळातला असतो.

कथनमीमांसेतील कालविपर्यास ही संज्ञा येथे अपुरी पडते. पूर्वदृश्य म्हणजे वर्तमानातून भूतकाळात जाणे. त्यासाठी वर्तमान स्थिर असावा लागतो. येथे स्थिर वर्तमान नाही. मुंकने आपल्या टिपणांत स्वतःविषयी अनेकदा तृतीयपुरुषी लिहिले आणि आपल्या प्रेयसीला 'श्रीमती हायबर्ग' असे टोपणनाव दिले. वॉटकिन्स यांनी ते नाव तसेच ठेवले. मुंकचा 'तो', निवेदकाचा 'मुंक', आणि कॅमेऱ्याकडे अचानक वळून पाहणाऱ्या नटाची नजर असे तीन पुरुष एकाच व्यक्तीभोवती फिरत राहतात. 'आजारी मुलगी' हे चित्र रंगवताना मुंकने रंगाचे थर पुनःपुन्हा खरवडले, ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढले. त्या प्रसंगाच्या दीर्घ चित्रणात खरवडण्याचा आवाज ठळक केलेला आहे. चित्रकाराची खरवडण्याची कृती आणि संकलकाची कापण्याची कृती येथे एकमेकींवर पडतात. वर खरवडल्याने खालचा थर दिसतो, आणि दृश्य तोडल्याने त्याखालची स्मृती. 'कापणे' आणि 'संकलन' यांतील विरोध या ठिकाणी विरघळतो.

निवेदनाचा सूरही बदललेला आहे. वर्षागणिक जगातील घटना आणि शहरातील बालमजुरी, वेश्याव्यवसाय, रोगराई यांची माहिती निवेदक पूर्वीसारखीच कोरडेपणाने देतो. मात्र ही माहिती आता मुंकच्या चित्रांचे 'कारण' म्हणून येत नाही. समाज आणि कलाकृती शेजारी ठेवली जातात आणि त्यांतील दुवा सांगितला जात नाही. तो प्रेक्षकाने जोडावा अशी अपेक्षा असते. याखेरीज भूमिका करणारे नॉर्वेजियन स्त्री-पुरुष मधूनच स्वतःची मते बोलतात. त्यामुळे १८८० नंतरच्या दशकातील विवाहविषयक वादात १९७० नंतरच्या दशकातील स्त्रियांचा आवाज मिसळतो. बाख्तिनने दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना ज्या बहुस्वरतेचे वर्णन केले, तीत पात्राचा शब्द लेखकाच्या शब्दाइतकाच वजनदार असतो. 'एडवर्ड मुंक' ही पूर्ण अर्थाने बहुस्वर कृती आहे असे म्हणता येणार नाही, कारण सर्व स्वरांना जोडणारा अंतिम आवाज वॉटकिन्स यांचाच आहे. तरीही त्या आवाजाला आता अधिकाराऐवजी सोबतीची कळा आली आहे.

५

याच काळात वॉटकिन्स यांनी आपल्या सैद्धांतिक भूमिकेला आकार दिला. अमेरिकेत विद्यार्थ्यांसमवेत बातमीपत्रांचे बारकाईने विश्लेषण करताना त्यांना आढळले की बातमी, मालिका, माहितीपट आणि चित्रपट हे प्रकार वरवर भिन्न असले तरी त्यांची अंतर्गत रचना एकच आहे : झपाट्याने बदलणारी दृश्ये, अखंड ध्वनी, सतत हलणारा कॅमेरा, ठरावीक अंतराने येणारे भावनिक धक्के. या रचनेला त्यांनी 'मोनोफॉर्म' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला 'एकरूपबंध' म्हणू. जगभरच्या वाहिन्या कार्यक्रमांना जी ठरावीक लांबी सक्तीची करतात, तिच्यावरही त्यांनी याच संदर्भात टीका केली. त्यांच्या मते प्रेक्षकावर ताबा मिळवते ती आशयाच्या आधी ही रचना. पुरोगामी आशय एकरूपबंधात ओतला तरी प्रेक्षकाशी असलेले नाते हुकूमशाहीचेच राहते.

१९७४ मध्ये, म्हणजे 'एडवर्ड मुंक'च्याच वर्षी, रेमंड विल्यम्स यांचा दूरचित्रवाणीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी 'ओघ' ही संकल्पना मांडली. दूरचित्रवाणीचा खरा घटक स्वतंत्र कार्यक्रम हा नसून कार्यक्रम, जाहिराती आणि सूचना यांचा नियोजित अखंड ओघ हा आहे. दोन्ही मांडण्यांची तुलना उद्बोधक ठरते. विल्यम्स यांची दृष्टी बाहेरून आहे. ते सायंकाळभर पडद्यासमोर बसणाऱ्याचे आणि संस्थेच्या अर्थकारणाचे वर्णन करतात. वॉटकिन्स यांची दृष्टी संकलनाच्या टेबलावरची आहे. ते एका दृश्याच्या लांबीविषयी बोलतात. विल्यम्स यांना माध्यम बदलण्यासाठी संस्था बदलाव्या लागतील असे वाटते. वॉटकिन्स यांना वाटते की संस्था बदलूनही दृश्याची लांबी तीच राहिली तर काहीच बदलणार नाही.

एकरूपबंधाच्या सिद्धांतात सरसकटपणाचा दोष आहे. झपाट्याने होणारे संकलन नेहमीच प्रेक्षकाला निष्क्रिय करते हे मान्य करणे कठीण आहे. आयझेन्श्टाइनचे संकलन झपाट्याचेच आहे, आणि 'एडवर्ड मुंक'मधीलही. शिवाय प्रेक्षक हा कोरी पाटी आहे हे गृहीतक त्यात डोकावते. आपल्या अनुभवाशी ताडून पाहणारा, कुरकुरणारा, उठून जाणारा प्रेक्षक त्यात दिसत नाही. म्हणून हा सिद्धांत माध्यमाचे सर्वंकष वर्णन म्हणून नव्हे, तर एका निर्मात्याची कार्यप्रतिज्ञा म्हणून वाचावा. तसा वाचला की त्याची फलश्रुती त्यांच्या उत्तरकालीन कृतींत तपासता येते.

६

'द जर्नी' (१९८७) ही साडेचौदा तासांची कृती अनेक देशांतील कुटुंबांशी अण्वस्त्रे, भूक आणि माध्यमे यांवर केलेल्या संभाषणांतून उभी राहिली. तिच्यात माणसे बोलता बोलता थांबतात आणि कॅमेरा त्या शांततेतही थांबून राहतो. 'द फ्रीथिंकर' (१९९४) ही स्ट्रिंडबर्गवरील दीर्घ कृती स्वीडनमधील एका लोकविद्यालयातील विद्यार्थ्यांसमवेत केलेली आहे. या दोन्हींत वॉटकिन्स निर्मितीची प्रक्रियाच संहितेचा भाग करतात. मात्र या वाटचालीची परिणती झाली 'ला कम्यून (पॅरिस १८७१)' या कृतीत.

पॅरिस कम्यून १८ मार्च ते २८ मे १८७१ एवढाच काळ टिकला आणि त्याचा शेवट रक्तपाताच्या आठवड्यात झाला. वॉटकिन्स यांनी १९९९ मध्ये मोंत्रय येथील एका बंद पडलेल्या कारखान्यात, जेथे पूर्वी मेलिएस यांचा स्टुडिओ होता त्या जागी, दोन आठवड्यांहून कमी काळात तिचे चित्रीकरण केले. सहभागी दोनशेहून अधिक होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना अभिनयाचा अनुभव नव्हता. प्रत्येकाने आपल्या भूमिकेतील व्यक्तीचा आणि काळाचा अभ्यास स्वतः केला. कम्यूनच्या विरोधकांच्या भूमिकांसाठी खरोखरच तशा मतांची माणसे शोधण्यात आली. पावणेसहा तासांची ही कृती २००० साली आर्ते वाहिनीने रात्री उशिरा दाखवली.

'कलोडन'मधील कालविसंगती येथे परत येते, पण तिचा अर्थ पालटलेला असतो. या पॅरिसमध्ये दोन वाहिन्या आहेत : एक व्हर्सायच्या सरकारची, दुसरी कम्यूनची. पहिलीवर सुबक पोशाखातील निवेदक आणि तज्ज्ञ बोलतात. दुसरीचे दोन बातमीदार गर्दीत धापा टाकत फिरतात. पस्तीस वर्षांपूर्वी बातमीदार अदृश्य होता आणि प्रश्न विचारणारा आवाज निर्दोष होता. आता कम्यूनचा बातमीदारही संशयाच्या कक्षेत येतो. चळवळीतील मतभेद दाखवावेत की झाकावेत, यावर दोघा बातमीदारांतच वाद होतो. आपल्या बाजूच्या माध्यमालाही वॉटकिन्स सूट देत नाहीत, ही या कृतीची नैतिक उंची आहे.

दृश्ये दीर्घ आहेत. कॅमेरा न तुटता एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जातो. माणसे एकमेकांना अडवून बोलतात, चुकतात, सावरतात. उत्तरार्धात पात्रे भूमिकेतून बाहेर येऊन आजविषयी बोलू लागतात : परवान्याविना राहणाऱ्या स्थलांतरितांविषयी, बेकारीविषयी, आज बॅरिकेड उभे राहिले तर आपण त्यावर असू काय याविषयी. अनेकांची उत्तरे चाचरत येतात. ऐतिहासिक नाट्यात नटाने चाचरणे हा दोष असतो. येथे ती संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण जागा ठरते, कारण त्या क्षणी उत्तर कोणीही लिहून दिलेले नसते. रेडिओ हे वितरणाचे साधन न राहता परस्परसंवादाचे साधन व्हावे अशी मागणी ब्रेख्तने १९३२ मध्ये केली होती. तिचा दूरचित्रवाणीतील इतका गंभीर प्रयोग क्वचितच झाला असेल.

७

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या उत्स्फूर्त बोलण्यातून काय ठेवावे आणि काय गाळावे हे कोणी ठरवले? 'ला कम्यून'च्या संकलनात वॉटकिन्स यांना सहकारी होते, परंतु दोनशे सहभागी संकलनाच्या टेबलाशी बसले नव्हते. पडद्यावर येणाऱ्या लिखित पाट्यांची भाषा वॉटकिन्स यांची आहे, आणि ती बऱ्याचदा प्रेक्षकाला काय समजायचे ते शिकवते. शब्द सामूहिक आणि विन्यास एकाचा, ही मर्यादा शेवटपर्यंत राहिली. ही मर्यादा दाखवून त्यांना दांभिक ठरवणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. बहुस्वर कादंबरीलाही एक लेखक असतो. बाख्तिनने दोस्तोयेव्हस्कीचा लेखकपणा नाकारला नाही. त्या लेखकपणाने स्वतःला कोणत्या जागी ठेवले, हे दाखवले.

या निकषाने पाहता वॉटकिन्स यांच्या कारकीर्दीला एक स्पष्ट वळण आहे. प्रारंभी त्यांनी अधिकृत आवाज उसना घेऊन त्याला सत्य बोलायला लावले. मध्ये तो आवाज स्वतःचा म्हणून पत्करला. अखेरीस त्या आवाजाने इतरांसाठी जागा मोकळी केली आणि आपली उरलीसुरली सत्ता उघड्यावर मांडली. 'ला कम्यून'च्या प्रारंभीच दोन्ही बातमीदार आपण कोण, ही जागा कोणती आणि चित्रीकरण नुकतेच कसे संपले, हे सांगतात. सत्ता नाहीशी करता येत नाही, पण लपवायची नाही एवढे करता येते. वॉटकिन्स यांची नैतिकता या निश्चयात आहे. त्याची किंमत म्हणून त्यांच्या कृती लांब, विषम, कित्येकदा उपदेशपर झाल्या, आणि त्यांना प्रेक्षकही थोडे मिळाले. 'द जर्नी' सलग पाहण्याचे धैर्य फार थोड्यांना होईल. या दोषांकडे डोळेझाक करून केलेला गौरव त्यांच्याच भूमिकेशी विसंगत ठरेल.

आपल्या वाङ्मयीन समीक्षेत दूरचित्रवाणीचा विचार बहुधा साहित्यकृतीच्या रूपांतरापुरता होतो : मूळ कादंबरीशी मालिका प्रामाणिक राहिली की नाही, एवढाच. या प्रश्नात माध्यमाचे व्याकरण गृहीत धरलेले असते. निवेदक कोण, त्याचा अधिकार कोठून आला, क्रियापदाचा अर्थ कोणता, काळ कोणता, कोणाचे बोलणे मध्येच तोडले गेले, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो. तेच प्रश्न पडद्यावरील संहितेला विचारण्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत, हे वॉटकिन्स यांच्या कृती वाचताना ध्यानात येते. संकलन या शब्दाचा मराठीतील अर्थ एकत्र आणणे असा आहे. त्या शब्दाला जागायचे तर कोणाला एकत्र आणले, याबरोबर कोणाला बाहेर ठेवले हेही संकलकाने सांगितले पाहिजे, आणि समीक्षकाने ते विचारले पाहिजे.